भरती बघून ठरणारी सफर : वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीचं प्रकरण

१९९७ साली सिंधुदुर्ग देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि पुढची वीस वर्षं वेंगुर्ल्यात पर्यटनाचं बोलणं एकाच अंगानं चाललं. शिरोड्याला वेळागरच्या किनाऱ्यावर पंचतारांकित हॉटेल कधी उभं राहणार, चिपीचा विमानतळ कधी सुरू होणार, गोव्याकडे धावणाऱ्या गाड्या इथे कधी थांबणार. विमानतळ अखेर ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. हॉटेलाची वाट बघण्यात एक पिढी गेली. पण त्याआधीच, २०१७ मध्ये, शहराला लागून असलेल्या मांडवी खाडीत एक छोटं काम सुरू झालं होतं. मच्छीमार घरांतल्या दहाएक बायांच्या 'स्वामिनी' बचत गटानं होडीतून कांदळवन, म्हणजे खाडीकाठचं खारफुटीचं जंगल, दाखवायला सुरुवात केली. होडी वल्ह्याची, वल्हं बायांच्या हातात, आणि माहिती सांगणाऱ्याही त्याच.

कोकणात असे प्रयोग पुष्कळ झाले आणि अनुदान संपल्यावर बंदही पडले. या सफरीनं मात्र तग धरला आणि तिचं नाव जिल्ह्याबाहेर गेलं. माझ्या मते याचं कारण सरळ आहे. तिच्यासाठी गावाला आपला दिनक्रम बदलावा लागला नाही. खाडीचं पाणी जसं येतं-जातं, बायांना घरकामातून आणि बाजारातून जशी फुरसत मिळते, पाऊस उघडल्यावर जसे कोरडे महिने लागतात, तशी ती बसवलेली आहे. तिची ताकद तिथेच आहे आणि अडचणही तिथेच आहे.

गाव कसं आहे

वेंगुर्ले शहराची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत बारा हजारांच्या थोडी वर होती. एवढ्याशा गावाचा इतिहास मात्र मोठा. सतराव्या शतकात डचांनी इथे वखार घातली. तिचे अवशेष आजही उभे आहेत. १८१२ मध्ये सावंतवाडीकरांकडून हे बंदर इंग्रजांकडे गेलं. घाटावरचा माल आंबोलीमार्गे बैलगाड्यांतून इथे उतरायचा आणि जहाजात चढायचा. १८८०च्या दशकात मुरगावच्या बंदराला रेल्वे जोडली गेली, तिकडे माल वळला आणि वेंगुर्ल्याची पेठ ओसरली. शंभर वर्षांनी कोकण रेल्वे आली, तीही कुडाळ-सावंतवाडीवरून गेली. मोठी वाहतूक बाजूनं निघून जाण्याची या गावाला सवय आहे.

म्हणून की काय, इथलं रोजचं जगणं आपल्या अंगणात काय आहे यावर चालतं. पावसाळ्यात इथे इतकं कोसळतं की माणसं घराच्या पडवीतून बाहेर पडताना विचार करतात. पण ऑक्टोबर ते मे ऊनच ऊन. आणि हे ऊन इथे कामाला लावलेलं असतं. नवाबागेच्या वाळूत बांगडे आणि पेडवे वाळत पडतात. अंगणात कोकमाची सालं रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात टाकली जातात, तेव्हा त्यांची सोलं होतात. काजूच्या बिया, फणसाचे पापड, आंब्याची साठं, सगळं उन्हाच्या भरवशावर. शिरोड्याची मिठागरंही त्याच उन्हावर चालतात. १२ मे १९३० रोजी मिठाचा सत्याग्रह झाला तो तिथेच. वाळवणाची ही सगळी कामं बायांची. पाऊस कधी शिंपडेल, वारा कुठून येतोय, पाणी कधी चढेल, याचा अंदाज घेत दिवस आखणं त्यांच्या हाडात भिनलेलं आहे. पुढे सफरीच्या कामात हेच उपयोगी पडलं.

बघायला म्हणाल तर पुष्कळ आहे, फक्त एका जागी नाही. आरवलीचा वेतोबा, ज्याला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. १९७६ साली लोहखनिजाच्या खाणीत सापडलेला रेडीचा गणपती. सागरेश्वर आणि मोचेमाडचे किनारे. थंडीत जत्रा सुरू झाल्या की गावागावांत रात्रभर दशावतार. १९५७ पासून चाललेलं फळ संशोधन केंद्र, ज्यानं रत्ना आणि सिंधू हे आंबे दिले आणि काजूच्या जातींना वेंगुर्ल्याचं नाव दिलं. खोल समुद्रातल्या बेटांवर पाकोळ्यांची वसाहत आहे. त्यांच्या घरट्यांची तस्करी उघडकीस आल्यावर चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं संरक्षणाचं काम हाती घेतलं. आणि एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. याच नगरपरिषदेनं मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात घरोघरचा कचरा वेगवेगळा गोळा करायला लावला, ओल्या कचऱ्यापासून गॅस केला, प्लास्टिक कुटून रस्त्याच्या डांबरात घातलं आणि कचरा डेपोची जागा अशी केली की बाहेरगावचे लोक ती बघायला यायला लागले. सफर सुरू झाली तेव्हा गावात ही हवा होती. आपल्या हातानं, आपल्या गावापुरतं काही नीट करता येतं, हा विश्वास ताजा होता. खाडीतल्या बायांना त्याचा आधार नक्की मिळाला असणार.

खाडीकडे वळण्याचं कारण

मच्छीमार घरात होडी पुरुषाची आणि पाटी बाईची, अशी कामाची वाटणी. पुरुष मासे आणतात. निवडणं, विकणं, सुकवणं, बाजारात बसणं बायांकडे. त्यामुळे मासळी कमी झाली की पहिला चिमटा बाईच्या पाटीला बसतो. सिंधुदुर्गात रापणीचे मच्छीमार आणि पर्ससीनवाले, म्हणजे यंत्रावरच्या होडीतून मोठं जाळं टाकून मासळीचा थवाच्या थवा वेढणारे, यांच्यातला वाद कैक वर्षांचा. रापण म्हणजे किनाऱ्यावरून अर्धवर्तुळात टाकलेलं लांबच लांब जाळं, दोन्ही टोकांना माणसांची रांग, आणि निघालेल्या मासळीत जाळ्याचा, हातांचा वाटा. दोर ओढायला ऐनवेळी लागलेल्या माणसालाही रिकाम्या हातानं कुणी पाठवत नाही. किनाऱ्याजवळ मासा आला तरच हे चालतं. राज्य सरकारनं २०१६ च्या फेब्रुवारीत पर्ससीनवर निर्बंध आणले ते याच तक्रारींमुळे. पण तोवर बऱ्याच घरांनी जोडधंदा शोधायला सुरुवात केलेली होती.

त्याच काळात जिल्ह्यात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीनं किनारी जैवविविधतेचा प्रकल्प चालू होता. राज्याच्या वनविभागानं २०१२ मध्ये कांदळवनांसाठी वेगळा कक्ष काढला होता, त्यानं हे काम पुढे नेलं. खेकडा, कालवं, शिणाणे (शिंपल्याचा एक प्रकार) यांची शेती, आणि त्याच्या जोडीला निसर्ग पर्यटन, असे पर्याय गावांपुढे ठेवले गेले. २०१७ मध्ये राज्यानं कांदळवन संवर्धन व उपजीविका योजना आणली. तीत गटाला खर्चाच्या ९० टक्के आणि एकट्या माणसाला ७५ टक्के अनुदान ठेवलं. गटाला जास्त देण्याचा हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. खाडी कुणा एकाची नसते, मग तिच्यावरचा धंदा एकाच्या नावावर का असावा?

स्वामिनीच्या बायांना प्रशिक्षण मिळालं ते दोन प्रकारचं. एक वल्हवण्याचं, पाहुण्यांच्या सुरक्षिततेचं. दुसरं नावांचं: कुठलं झाड कुठलं, पक्षी कुठला. हे दुसरं जास्त अवघड होतं असं वरवर वाटेल, पण तसं नाही. खाडीच्या काठानं कालवं फोडत, शिंपले वेचत ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना झाडं ओळखू येतच होती. कुठल्या मुळात कुर्ली, म्हणजे खेकडा, बसते, कुठला चिखल माणूस पेलतो आणि कुठला गुडघ्यापर्यंत गिळतो, हे त्यांना आधीच ठाऊक होतं. शिकायचं होतं ते चारचौघांत, शहरातल्या अनोळखी माणसांसमोर हे मोकळेपणानं बोलणं. आणि बाई होडी चालवते याची गावाला सवय व्हायची होती.

होडीत

सफर साधारण तासाभराची. इंजिन नाही, त्यामुळे वल्ह्याचा पाण्याला लागणारा आवाज तेवढा येतो आणि पक्षी उडून जात नाहीत. खंड्या वाळक्या फांदीवर बसलेला दिसतो, वंचक काठाशी थिजल्यासारखा उभा असतो. शहरातून आलेली मुलं पहिल्या पाच मिनिटांत मगर आहे का विचारतात. मग होडी मुळांच्या जवळ नेली की त्यांचं लक्ष चिखलाकडे जातं. तिथे निवट्या चिखलावर उड्या मारत असतात. मासा असून पाण्याबाहेर कसा, हे मुलांना पटायला वेळ लागतो.

दोन गोष्टी ताई हमखास दाखवतात. पहिली, तिवराचं पान. पान उलटं करून उन्हात तिरकं धरलं की त्यावर बारीक कण चमकतात. जिभेला लावून बघा म्हणतात. लावलं की खारट. खाऱ्या पाण्यातलं जास्तीचं मीठ तिवर पानांवाटे बाहेर टाकतो. पाऊस नसलेल्या दिवसांत, कडक उन्हात ते कण चांगले दिसतात. माणूस एकदा ते मीठ चाखतो आणि खारफुटी हा शब्द त्याला पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

दुसरी, कांदळाची शेंग. झाडावर लोंबणाऱ्या या हिरव्या, टोकदार शेंगा लांबून शेवग्यासारख्या दिसतात. खरं तर ते बी नव्हेच; झाडावर असतानाच रुजलेलं रोप आहे ते. पिकलं की टोक खाली करून गळतं. ओहोटी असेल तर थेट चिखलात रुततं, भरती असेल तर तरंगत जातं आणि कुठेतरी चिखल लागला की उभं राहतं. वाहत चाललेली एखादी शेंग ताई पाण्यातून उचलतात, होडी काठाला घेतात आणि बोटांनी चिखल दाबत ती रोवून टाकतात. पुढचं बोलणं चालूच असतं. मला ही कृती सगळ्या माहितीपेक्षा महत्त्वाची वाटते. ज्या झाडांवर आता तिचं पोट काही अंशी अवलंबून आहे, त्यांची काळजी ती येता-जाता घेते. त्यासाठी वृक्षारोपणाचा कार्यक्रम लागत नाही.

पूर्वी हीच झाडं सरपणाला तोडली जायची, तिवराचा पाला गुरांना घातला जायचा. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्ये कांदळवन तोडीवर बंदी आणली आणि २०१८ मध्ये ती आणखी पक्की केली. २०२० मध्ये राज्यानं पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवन वृक्षाचा मान दिला. कायदा हवाच. पण दर आडवाटेच्या खाडीत वनरक्षक उभा करता येत नाही, आणि रोज होडी घेऊन फिरणाऱ्या बायांच्या नजरेतून ताजी तोड सुटत नाही.

चंद्राचं गणित

या प्रकरणाचा गाभा इथे आहे. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, मांडवीत पाणी कमी होतं, चिखल उघडा पडतो आणि होडी आतल्या फाट्यांत जात नाही. सफर करायची तर पाणी चढतं असताना किंवा पूर्ण भरतीच्या मागेपुढे. आणि भरती रोज साधारण पाऊण तासानं पुढे सरकते.

किनाऱ्यावरच्या माणसांना यासाठी तक्ता लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बाराच्या सुमारास भरती. दिवसातून दोनदा, बारा तासांच्या थोड्या फरकानं. मिनिटाला बरोबर येत नाही, पण होडी काढायला पुरतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी चांगलं चढतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही.

आता पर्यटकाच्या बाजूनं बघा. पुण्याहून किंवा मुंबईहून शुक्रवारी रात्री निघालेलं कुटुंब शनिवारी दुपारी वेंगुर्ल्यात पोचतं. जेवण झालं की चारच्या सुमाराला सफर करू, म्हणून फोन लावतं. तो शनिवार पौर्णिमेचा असेल तर दुपारी बाराला आलेलं पाणी चारपर्यंत बरंच उतरलेलं असतं. फोनवर उत्तर येतं, "आता पाणी नाय, उद्या सकाळी येवा." अर्धी माणसं उद्या सकाळी मालवणला निघालेली असतात. गिऱ्हाईक गेलं.

धंद्याचं शिक्षण घेतलेला कुणीही म्हणेल की हा तोटा भरून काढा. खाडी उपसून खोल करा, मोटर बसवा, तासातासाला फेऱ्या लावा. हे सल्ले चांगल्या मनानंच दिले जातात. पण मोटर लावली की लाटा काठाच्या चिखलावर आपटतात, नुकती रुजलेली रोपं उखडतात, तेल पाण्यात जातं आणि ज्या पक्ष्यांसाठी माणसं आली ते उडून जातात. शिवाय मोटरची होडी चालवायला पुरुष येतील, भांडवलवाला येईल आणि बायांच्या हातात तिकिटं फाडण्याचं काम उरेल. किनारपट्टीवर पाण्यातल्या खेळांच्या धंद्यात काय झालं ते आपण बघितलेलं आहे. पाणी नसताना नाही म्हणणं, हा या गटाचा तोटा नव्हे, ती त्याची अट आहे. ती अट पाळली म्हणून होडी त्यांच्या हातात राहिली.

याचा एक फायदा लगेच लक्षात येत नाही. भरतीच्या वेळा सरकत असल्यामुळे सफरीचं काम बाईच्या दिवसातली ठरावीक वेळ कायमची अडवत नाही. एका आठवड्यात सकाळी, पुढच्यात दुपारी. मासळी बाजार, मुलांची शाळा, वाळवण यांच्या मधल्या फटीत ते बसतं, आणि गटात दहाएक जणी असल्यामुळे एकीला जमलं नाही तर दुसरी जाते. नऊ ते पाच नोकरी यातल्या बहुतेकींना करता आली नसती.

मर्यादा

त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १ जून ते ३१ जुलै यंत्रावरच्या होड्यांची मासेमारी बंद असते आणि त्याच पावसात सफरही थांबते. म्हणजे घरातली दोन्ही मिळकत एकाच वेळी आटते. निसर्ग पर्यटनाला जोडधंदा म्हणताना ही गोष्ट विसरली जाते. जोडधंदा पहिला धंदा बसतो तेव्हा उभा राहायला हवा. इथे तसं होत नाही. म्हणून गटांना सफरीबरोबर पावसातही चालेल असं काहीतरी, सोलं-आगळ, काजू, सुकी मासळी नीट बांधून विकण्यासारखं काम जोडून देणं, ही मदत दुसरी होडी देण्यापेक्षा मोलाची ठरेल. वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहेच. त्याचा फायदा कारखानदारापाशी थांबू नये.

दुसरी मर्यादा वयाची. वल्हवणं अंगमेहनतीचं काम आहे, वाऱ्याविरुद्ध तर फारच. शिकलेल्या मुली या कामाला हात लावतील का, हे घरातल्या घरात ठरणार आहे, योजनेच्या कागदावर नाही. माहिती सांगण्याचं, बुकिंगचं काम मुली घेतात आणि वल्हं आई घेते अशी वाटणी झाली तर पंधरा वर्षांनी वल्हं धरणारं कुणी राहणार नाही.

तिसरी गोष्ट गर्दीची. चिपी झाला, पलीकडे गोव्यात मोपाचा विमानतळ झाला, बंदरावर झुलता पूल झाला. माणसं वाढणार, ते चांगलंच आहे. पण मांडवी खाडी लहान आहे. होड्या किती, फेऱ्या किती, याचा आकडा खाडीच्या रुंदीवरून आणि पक्ष्यांच्या विणीवरून आत्ताच ठरायला हवा. तो ठरवताना गटाच्या बाया, नगरपरिषद आणि वनविभाग तिघंही बसायला हवेत, आणि बायांच्या मताला बाकी दोघांइतकं वजन हवं. गर्दी झाल्यावर ठरवू म्हटलं तर तोवर होड्या घेऊन बसलेल्या माणसांना उठवणं कुणालाच जमणार नाही.

तातडीनं करता येण्यासारखं काम मात्र साधं आहे आणि स्वस्तही. वेंगुर्ले, शिरोडा, सावंतवाडी इथल्या प्रत्येक लॉजच्या आणि खानावळीच्या काउंटरवर महिन्याच्या भरतीच्या वेळा मोठ्या अक्षरांत लावाव्यात. रिक्षावाल्यांकडे त्याच वेळांचे छोटे कार्ड असावेत. पाहुण्यानं खोली ठरवली की त्याच फोनवर त्याला सांगावं, तुमच्या मुक्कामात पाणी अमुक वाजता आहे, त्यानुसार जेवण लवकर करा किंवा उशिरा. पाहुणा आपला कार्यक्रम तासाभरानं हलवायला सहसा कुरकुरत नाही. त्याला फक्त आधी कळायला हवं. शनिवारी परत जाणारी ती अर्धी माणसं एवढ्यानं थांबतील.

आणि तुम्ही स्वतः जाणार असाल तर निघण्यापूर्वी कॅलेंडरवरची तिथी बघा, पाऊणपट करा, आणि मग गटाला फोन लावा. टोपी आणि पाण्याची बाटली घ्या, होडीला छप्पर असेलच असं नाही. तिवराचं पान दाखवलं की लाजू नका, चाखून बघा.